सवाष्णींच्या गटातून

"काढ म्हटलं ना तिले," सुशीलाबाई म्हणाल्या. "दिवाळीत नवरा गेला तिचा. हळदीकुंकवाले बोलावून तिलेच अवघड होईन."

"तिलेच की आपल्याले?" यामिनीने सासूला विचारलं खरं, पण विचारता विचारता बोट फोनवर गेलंही होतं. वनमालाकाकूंचं नाव धरलं, ‘हटाएँ’ दाबलं, संपलं. संक्रांतीच्या तोंडावर सासूशी वाद घालायला वेळ कुणाला असतो?

आता ही यामिनी काही साधीसुधी नव्हे. नव्या रायपुरातल्या एका कंपनीत फोनमधली डायरी बनवते. ओळखीची माणसं, वाढदिवस, आमंत्रणं हे सगळं गटागटाने कसं लावायचं ते ठरवणं हेच तिचं काम. मीटिंगमध्ये भांडून तिने एक गोष्ट मान्य करून घेतली होती. कुणाला गटातून काढलं, तर त्या माणसाला तसं कळलंच पाहिजे. विराजसर म्हणाले होते, "रहने दो यामिनी, लोगों को बुरा लगता है." ही तावातावाने म्हणाली, "पीठ पीछे निकालना ज़्यादा बुरा है, सर." त्यावर टाळ्या पडल्या होत्या, आणि घरी येऊन तिने ते सगळ्यांना सांगितलंही होतं.

हे तिला आठवलं तेव्हा ती वाणाच्या वाट्या पुसत होती. हातातली वाटी तशीच खाली ठेवली. काकूंच्या फोनवर काय गेलं असेल ते तिला तोंडपाठ होतं, कारण तिनेच ते लिहिलं होतं : ‘यामिनी ने आपको "सवाष्णी" समूह से हटा दिया है.’ आणि काकूंच्या फोनमध्ये ती डायरी कौतुकाने घालून देणारीही तीच. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

काकू कुणी लांबच्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. सुशीलाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं यामिनीच्या बाळंतपणात आलं, तेव्हा गुढियारीहून रोज येऊन शेकशेगडी, तेलपाणी या बाईनेच केलं होतं. नात्यातलं तेव्हा कुणी फिरकलं नव्हतं.

तिने स्कूटी काढली आणि गुढियारी गाठली. काकू तीळ भाजत होत्या.

"ये. बस. चहा मांडू?"

"काकू, ते चुकून झालं. सिस्टममधून आपोआप गेलं."

खोटं बोलली. इतकं सहज, की तिची तिलाच किळस आली.

"हव," काकू म्हणाल्या. त्यांनी गॅस बारीक केला. "सुशीलेनं सांगितलं असन. तिचंही बरोबर आहे बाप्पा. बाया येतात, पाहतात, मंग बोलतात."

यामिनीने फरशीकडे पाहत सांगितलं, "आपोआप नाही गेलं काकू. आईंनी म्हटलं, पण काढलं मीच."

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या तीळच हलवत राहिल्या.

"मले मालूमच नव्हतं, याच्यातून आपल्यालेही निघता येते म्हणून. तुह्या त्या चिठ्ठीखाली ‘अपने समूह देखें’ लिहिलं होतं, दाबून पाहिलं. मंग मीच निघाली. भजनाच्या, पारा-मोहल्ल्याच्या, सगळ्यातून."

"पण काहून, काकू? बाकीच्यांनी थोडंच काढलं होतं?"

"काढलं असतं ना. एकेकीनं मले काढाचं, अन् मंग इथं येऊन तोंड पाडून बसाचं. तुले पाहून राहिली ना मी आता." त्यांनी पदराला हात पुसून फोन पुढे केला. "पाहा बरं, बरोबर झालं का. कोणात राहिली तर नाही मी?"

यामिनीने पाहिलं. एकही गट उरला नव्हता. पडद्यावर तिनेच लिहिलेली ओळ होती : ‘यहाँ अभी कोई नहीं है.’ खाली मोगऱ्याचं फूल. रिकामं पान लोकांना उदास वाटू नये म्हणून तिने ते हट्टाने घातलं होतं.

"बरोबर झालं," ती कशीबशी म्हणाली.

"फूल मस्त आहे," काकू वाकून पाहत म्हणाल्या. "तूच काढलं काय?"

"हव," यामिनी म्हणाली, आणि तिने मान वर केली नाही.