सहा दिवसांतून एक खेप

शकूने पूजाच्या हातावरची कातडी चिमटीत धरली, वर ओढली आणि सोडली. कातडी लगेच खाली बसायला हवी होती. ती घडीसारखी उभी राहिली आणि मग सावकाश उतरली. तेवढ्या वेळात शकूने मनात दोन आकडे मोजले.

"पानी पितेस ना गो?"

"पिते ना ताई. त्या रेघा बघा ना."

चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. एक ग्लास पाणी प्यायलं की एक रेघ, दिवसाला आठ. ही युक्ती शकूचीच. वैशाखऱ्याच्या वरच्या वाडीत आशाताई म्हणून तिला बारा वर्षं झाली होती. तोंडी विचारलं तर बायका हो म्हणतात, हे ती एवढ्या वर्षांत शिकली होती. भिंत तरी खोटं बोलणार नाही, असं तिला वाटायचं.

तेरा दिवसांच्या तेरा ओळी. एकही ओळ अपुरी नव्हती.

शकू जवळ गेली. प्रत्येक ओळीतली पहिली रेघ काळीभोर होती, पुढची जरा फिकी, आठवी तर जेमतेम उमटलेली. सगळ्यांचा कल एकाच बाजूला. दिवसभरात आठ वेळा कोळसा उचलला तर रेघा अशा येत नाहीत. एका दमात ओढल्या तरच कोळशाचं टोक असं झिजत जातं.

ती काही बोलणार, एवढ्यात दारात कट्कन आवाज झाला. सुंदरामावशीचा गुडघा. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी आणि एक हात चौकटीला धरून पूजाची सासू पायरी चढत होती.

"आली का सरकारची बाय? काय करतेस माझ्या सुनंला?"

"चिमटे काढते मावशी."

"काढ, काढ. माझी सासू पन काढायची. पर तिला कोन पगार देत नव्हता."

तिघीही हसल्या. हसताना पूजाचा ओठ फाटला. तिने तो पदराने टिपला आणि हंडा उतरवायला उठू लागली.

"बस तू," सुंदरामावशी म्हणाली. "हिला किती सांगू शकू? म्हनते मीच जाते हिरीवर. सातव्यानंतर पोटुशीनं हिरीत वाकायचं नाय, ही आमच्या घरची रीत. हीर पोटातलं पोर बघून ठेवते."

"आई, मी वाकनार नाय, नुसता हंडा घेऊन येईन."

"आटगावच्या नळावर वाढलेली तू. उतार बघितलास का? आनि आता तर तळ दिसाया लागलाय. वाटी वाटी भरावं लागतं."

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. सकाळचे दहा वाजले होते आणि पत्रे तडतडायला लागले होते. पूजाच्या माहेरी आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. नवरा हरेश मुरबाडच्या कारखान्यात, सकाळच्या पाळीला.

शकूने मीठ-साखरेच्या दोन पुड्या पूजाच्या हातात दिल्या. "एक लिटर पान्यात एक. दिवसभरात संपव. आनि पोर फिरतं का?"

"फिरतं. कालपासून जरा निवांत हाय."

"कालपासून?"

"उन्हाचं निजत असंल," सुंदरामावशी म्हणाली.

शकूने पुन्हा एकदा भिंतीकडे पाहिलं. सासूसमोर विचारलं तर पोरीला बोलणी बसतील. उद्या ही एकटी असताना विचारू, असं तिने ठरवलं. अजून तीन घरं बाकी होती.

"संध्याकाळपर्यंत दहा वेळा तरी हललं पायजे. नाय हललं तर लगेच फोन कर."

"रेंज फक्त रस्त्यावर येते ताई."

"मग हरेशला रस्त्यावर पाठव."

फोन आला नाही. शकूने संध्याकाळी दोनदा मोबाइल उघडून बघितला. फोन नाही म्हणजे पोर हललं, असं तिने स्वतःला सांगितलं. फोन न येण्याची दुसरी कारणंही तिला ठाऊक होती.

फोन आला तो सकाळी सातला, पाळीला निघालेल्या हरेशचा.

"ताई, बारीक कळा मारतायत म्हनते. रातभर पोर हललंच नाय. मला आता सांगते!"

शकू पोचली तेव्हा तिने पूजाला आधी लघवीला बसवलं. डबीत दोन बोटं लघवी जमली, कोऱ्या चहाच्या रंगाची. शकूने झाकण लावलं आणि हरेशला ती दिसू दिली नाही. पुड्या फळीवर तशाच होत्या, न फोडलेल्या.

मुरबाडच्या दवाखान्यात डॉक्टरबाई बराच वेळ पूजाच्या पोटावर यंत्र फिरवत होत्या. मग त्यांनी यंत्राचा पडदा थोडा स्वतःकडे वळवला. शकूला तेवढ्यात कळलं.

"बाळाभोवती पाणी फारच कमी उरलंय," बाहेर येऊन त्या म्हणाल्या. "आणि ठोके नाहीत."

हरेश भिंतीला टेकून खाली बसला. शकूने हळू आवाजात विचारलं, "म्याडम, पानी कमी पिल्यानं झालं का?"

"कारणं बरीच असतात. नाळ असेल, रक्तदाब असेल. एकट्या पिण्याच्या पाण्यावर बोट ठेवता येणार नाही." त्या थांबल्या. "त्याचा काहीच हात नाही, असंही मी म्हणू शकत नाही."

पाचव्या दिवशी शकू पूजाच्या घरी गेली. पूजा भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्यासमोर चौदा ओळी होत्या. चौदावी मुरबाडला नेलं त्या दिवशीची. त्या दिवशी सगळे घरातून आठ वाजता निघाले होते, तरी ओळीत आठही रेघा होत्या.

"उठल्या उठल्या ओढायचे," पूजा न वळता म्हणाली. "म्हंजे इसरायला नको."

"पीत किती होतीस?"

"दोन गिलास. कधी तीन."

"का गो?"

"माझ्या पान्यापायी आईंची खेप वाढायची. पायरीवर त्यांचा गुडघा वाजतो ताई. मला आत ऐकू येतं. मग घोट उतरत नाय."

शकूचं डोकं सवयीने हिशोब करू लागलं. हंड्यात बारा लिटर. आठ ग्लास म्हणजे दोन लिटर. सहा दिवसांतून एक खेप. सहा दिवसांतून फक्त एक. हे तिने त्या दिवशी भिंतीसमोर सांगितलं असतं तर. आता ते सांगून काय करायचं होतं?

दारात गुडघा वाजला नव्हता. सुंदरामावशी केव्हाची चौकटीतच उभी होती, हंडा डोक्यावर तसाच.

"मंग मी कुनासाठी आनत होते गो?" ती म्हणाली.

तिने हंडा उतरवला, ग्लास भरला आणि गुडघ्यावर हात देत पूजापाशी खाली बसली. पूजाच्या मानेखाली हात घालून तिने ग्लास ओठांना लावला. पूजा घोट घोट पिऊ लागली. प्रत्येक घोट उतरताना सुंदरामावशी तिच्या गळ्याकडे बघत होती.

शकूने कोपऱ्यातला रिकामा हंडा उचलला. तिला कोणी अडवलं नाही.

उतार तिला वाटला होता त्यापेक्षा जास्त निघाला. विहिरीच्या तळाला दगडांमध्ये ओंजळभर पाणी होतं. पायऱ्या उतरून ती खाली गेली, एक वाटी भरली, हंड्यात ओतली आणि झरा पुन्हा भरायची वाट बघत बसली.