पायाला दोन बोटं सैल

मास्तरांनी चाळीस वर्षं लोकांच्या पँटी शिवल्या, पण कंबर काचते अशी तक्रार घेऊन एकही गिऱ्हाईक परत आलं नाही. याचा त्यांना भारी अभिमान. आता किडन्यांनी राजीनामा दिला होता. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसच्या खुर्चीत बसायचं, आणि सगळा जीव डाव्या घोट्यावरच्या जखमेत अडकलेला. पेल्याच्या बुडाएवढी जखम, पण आठ महिने भरायचं नाव घेत नव्हती.

ती भरल्याशिवाय नवी किडनी बसवणार नाही, असं सर्जननं स्पष्ट सांगितलं होतं. किडनी द्यायला थोरली बहीण, अक्का, एका पायावर तयार. तिच्या तपासण्याही पार पडल्या होत्या. पण तिचं वय अडुसष्ट, फार थांबण्यात अर्थ नव्हता.

"माझं सगळं तयार आहे," अक्का रोज ऐकवायची, "तुझाच पाय आडवा येतोय!"

नर्सबाई कामाला चोख. जखम धुवायची, मेलेली कातडी हलक्या हातानं काढायची आणि सूज उतरावी म्हणून बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टी आवळून बांधायची. पायाचा रक्तपुरवठा चांगला होता; सूज उतरली की जखम भरायलाच हवी. पण सूज जागची हलेना. बाईंना शंका आली. एका सोमवारी पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी वरपासून खालपर्यंत पेनानं एक सरळ रेघ ओढली. मास्तरांना वाटलं, असेल काहीतरी दवाखान्याचं.

बुधवारी रेघेचे तुकडे तुकडे झालेले होते.

"मास्तर, पट्टी कोणी सोडली?"

"सोडली नाही हो, सिस्टर. थोडी सैल केली. तुम्ही फारच घट्ट बांधता. मी रोज संध्याकाळी दोन बोटं जाईल एवढी जागा करून घेतो. हात बसलाय ना, एक सुरकुती सापडणार नाही!"

अक्कानं कपाळावर हात मारून घेतला. "आठ महिने? अरे, इथे माझी किडनी वाट बघतेय आणि तू पायाची पट्टी मापात बसवतोयस?"

मास्तरांचा चेहरा पडला. नर्सबाईंना मात्र हसू आवरेना. "दुखलं, बोटं बधिर झाली, तर लगेच फोन करा. पण तुमची कारागिरी इथे नको."

त्या दिवसापासून अक्का रोज संध्याकाळी भावासमोर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसू लागली. मास्तरांचे हात शिवशिवायचे. ती डोळे वटारायची. पंधरा दिवसांत सूज उतरून नडगीच्या हाडाची कड दिसायला लागली. महिन्याभरात कडेनं गुलाबी कातडी सरकू लागली. तिसरा महिना संपता संपता नर्सबाईंनी पट्टी सोडली, बोटानं हलकेच दाबून पाहिलं आणि लहान मुलीसारखी टाळी वाजवली. जखम मिटली होती! पुढचे दोन आठवडेही ती मिटलेलीच राहिली, आणि सर्जननं तारीख दिली.

मास्तर आनंदानं रडलेच. अक्का मात्र बाहेरच्या बाकावर येऊन बसली आणि भावाचा हात घट्ट धरून म्हणाली, "मला भीती वाटतेय रे."

"मग राहू दे, अक्का. माझं चाललंय तसं चालेल."

"गप्प बस! भीती वाटते म्हणाले, देणार नाही असं कुठे म्हणाले?"