घुमटाच्या रंगाचे सहा पोशाख

त्या एका दिवसाच्या प्रवासातून सानोबारला तीन गोष्टी मिळवायच्या होत्या. पहिली, मुलीसाठी दातांचा डॉक्टर नवरा. दुसरी, मुलाकडच्या फर्निचरच्या यादीतून निदान दोन वस्तूंची काटछाट. आणि तिसरी, रेगिस्तान चौकातल्या निळ्या घुमटांसमोर काढलेला असा एक फोटो, की तो बघून तिच्या नणंदेला रात्रभर कूस बदलत बसावं लागेल. पहिल्या दोन गोष्टी अल्लाच्या हातात होत्या. तिसरी तिने आपल्या हातात घेतली, आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

मुलाकडच्या बायका मागच्या महिन्यात ताश्कंदला येऊन लोबारला बघून गेल्या होत्या. मुलीचे डोळे आवडले, मुलीच्या हातच्या खिमा भरलेल्या सोमशा आवडल्या, आणि जाता जाता मुलाच्या आईने, म्हणजे मास्तुरा ओपाने, पर्समधून घडी केलेला कागद काढून जेवणाच्या दस्तरखानावर ठेवला. पलंग, कपाट, सोफा, बारा माणसांचं टेबल, फ्रीज. सानोबार औषधाच्या दुकानात गल्ल्यावर बसायची, नवरा रशियात विटा चढवायचा. त्या कागदाची किंमत दोघांच्या दोन वर्षांच्या कमाईएवढी होती. पण बेहजोदसारखा दातांचा डॉक्टर मुलगा हातचा घालवणंही परवडणारं नव्हतं.

आता मुलीकडच्या बायकांनी समरकंदला जाऊन मुलाचं घर बघायचं होतं. मुलीने मात्र लग्नाआधी त्या घराचा उंबरा बघायचा नाही, म्हणून लोबार घरी राहणार. सानोबारने गणित मांडलं. आपण अशा थाटात उतरायचं की विहीणबाईने म्हणावं, ही माणसं घरंदाज आहेत, यांच्याकडे यादी काय मागायची!

थाट कसा करायचा ते फोनमधली एक बाई रोज सांगायची. तिचा नवरा काय करायचा कोण जाणे, पण बाई बारा महिने प्रवासात असायची. "वाळवंटात जाल तर वाळूच्या रंगात जा," ती सांगायची. "डोंगरात जाल तर गवताच्या. जागा निळी असेल तर तुम्हीही निळ्या व्हा, वर पांढरा एकच तुकडा ठेवा. मग बघा, ती जागाच तुम्हाला आपलं म्हणेल."

सानोबार घुमटाचा फोटो फोनवर उघडून चोरसू बाजारात गेली आणि पन्नास ताग्यांना तो लावून बघितला. शेवटी मूळच्या समरकंदच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे नेमका तो गडद निळा मिळाला.

"किती जणींचं कापड, लेकी?"

"सहा जणींचं. सगळ्या याच रंगात. वर पांढरे रुमाल."

म्हाताऱ्याने हातातली मोजपट्टी खाली ठेवली. "कुणासाठी गं?"

"मुलीसाठीच चाललंय सगळं, बाबा."

"किती वर्षांची?"

"तेवीस."

म्हाताऱ्याने दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. "मीटरला चाळीस हजार सोम म्हणालो होतो ना? पंचवीस दे. यात मला नफा नको."

सानोबारने घासाघीस करायला तीन वाक्यं तयार ठेवली होती, ती वायाच गेली. मुलीच्या आईचा मान अजून शिल्लक आहे जगात, असं म्हणत ती कापड काखोटीला मारून घरी आली.

घरी तुर्सुनोय खोला बसली होती. खोला म्हणजे सानोबारच्या आईची बहीण. सत्तरी गाठलेली, दातांनी अर्धी आणि जिभेने पूर्ण शाबूत.

"निळं?" खोलाने कापड चिमटीत धरलं. "तुझा काका गेला तेव्हा वर्षभर मी हेच घातलं होतं."

"तो तुझा काळ, खोला. आता ताश्कंदमध्ये निळं कोण पाळतं? कुणी गेलं तर कपाटात जे काळं सापडेल ते घालतात."

"ताश्कंदमध्ये नाही पाळत. पण समरकंदला?"

"समरकंदला घुमटच निळे आहेत. ते काय सहाशे वर्षं रडतायत?"

खोलाने उत्तर तोंडात घोळवलं. मग तिला आठवलं की आगगाडीचं तिकीट सानोबारने काढलंय, खिडकीजवळचं. "गळ्याशी जरा सैल शिव हो माझं," ती म्हणाली.

ठरलेल्या दिवशी सहा निळ्या बायका समरकंदला उतरल्या. रेगिस्तानच्या दारावरचा पहारेकरी त्यांना बघून खुर्चीवरून उठला, छातीवर हात ठेवला आणि तिकीट न मागता आत सोडलं. सानोबारने मनातल्या वहीत सहा तिकिटं जमेला धरली.

फोटो काढण्याचं काम रोबियाकडे. ती सानोबारची शेजारीण, आणि दुसऱ्याच्या उत्साहावर पाणी टाकण्यात तिचा हात कुणी धरला नसता. तिने पाच जणींना निळ्या भिंतीसमोर उभं केलं, फोन डोळ्यांशी नेला, खाली घेतला, परत नेला.

"सानोबार, मला बाई दिसत नाही. पाच तोंडं दिसतायत भिंतीला टांगलेली."

"जागा आपल्याला आपलं म्हणतेय गं!"

"आपलं म्हणत नाहीये, गिळतेय."

चौकातून मुलाच्या घरी नेणाऱ्या गाडीवाल्याने त्यांना बघताच गाणं बंद केलं, वाटभर शब्द बोलला नाही आणि भाडं निम्मंच घेतलं. "किती मर्यादेची माणसं!" सानोबार म्हणाली. "अशा गावात लेक सुखात राहील." खोला खिडकीबाहेर बघत होती. तिला काहीतरी कळलं होतं, पण परतीचं तिकीटही सानोबारच्याच पर्समध्ये होतं.

मास्तुरा ओपाची गल्ली अरुंद होती. एक बाई दारात पाणी शिंपडत होती. सहा जणी ओळीने येताना बघून तिने बादली तिथेच सोडली आणि डोक्याचा रंगीत रुमाल ओढत आत पळाली.

मास्तुरा ओपाने फाटक उघडलं. अंगात जरीचा पोशाख, आतून वाफेवरच्या मंतीचा, खिम्याच्या मोदकांचा वास. समोर सहा निळे पोशाख, सहा पांढरे रुमाल, सगळ्यांत पुढे मुलीची आई, आणि मुलगी नाही.

"लोबार?" तिने कसंबसं विचारलं.

"लोबार कशी येईल आता, विहीणबाई?" सानोबार लाजून म्हणाली.

मास्तुरा ओपाने जी किंकाळी फोडली, ती तिसऱ्या गल्लीपर्यंत गेली. ती फाटकातच खाली बसली आणि जरीच्या पोशाखावर धपाधप हात मारू लागली. "अगं माझ्या लेकरा! अगं माझ्या घरात न आलेल्या सुने!"

शेजारणी धावल्या. पुरुष मयताच्या घरी बांधतात तसा कमरेला रुमाल बांधत फाटकाबाहेर रांगेने उभे राहिले. दहा मिनिटांत चाळीस माणसं जमली, आणि त्या शहरात रडायला आलेला माणूस हातचं राखून रडत नाही.

सानोबारने स्वतःच्या पोशाखाकडे बघितलं. तिला दुकानदार आठवला, पहारेकरी आठवला, गाडीवाला आठवला, आणि खोलाचं वर्षभराचं निळंही आठवलं. "अहो, नाही हो—" म्हणायला तिने तोंड उघडलं.

"काय डोळे होते पोरीचे!" मास्तुरा ओपा हंबरत होती. "आणि मी अभागी तिच्याकडे पलंग मागत बसले! आग लागो त्या पलंगाला! कपाटाला आग लागो!"

सानोबारचं उघडलेलं तोंड तिथेच थांबलं. मग ते तिने पांढऱ्या रुमालाने झाकून घेतलं.

रोबियाने तिला कोपराने ढोसलं. "सांग ना!"

"थांब जरा."

"एका कपड्यानिशी आली असती तरी पापण्यांवर झेललं असतं मी!" मास्तुरा ओपाने आकाशाकडे हात केले. "नको मला सोफा! नको ते बारा माणसांचं टेबल! अल्लाच्या साक्षीने सांगते, या चाळीस माणसांच्या देखत सांगते!"

"सानोबार, आता तरी सांग! दोजखात जाशील."

"थांब म्हणतेय ना," सानोबार रुमालाआडून कुजबुजली. "अजून फ्रीज राहिलाय."

तेवढ्यात बेहजोद आला. कुणीतरी दवाखान्यात निरोप दिला होता. पांढरा कोट तसाच अंगावर, हातात रबरी मोजे. गर्दीने वाट दिली. त्याने सानोबारकडे बघितलं, तिच्या निळ्या बाह्यांकडे बघितलं, आणि काही न विचारता भिंतीला टेकून हळूहळू खाली सरकला. तो रडला नाही. मोजा काढायला गेला आणि ते त्याला जमेना. पुन्हा पुन्हा एकच बोट ओढत राहिला.

सानोबारने ते एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघवलं नाही. फ्रीज काय, मिळेल किंवा नाही मिळणार.

"जिवंत आहे!" ती ओरडली. "लोबार जिवंत आहे! घरी बसून केस वाळवतेय! हे कपडे फोटोसाठी आहेत!"

कमरेला रुमाल बांधलेले, चाळीस वर्षं मयतं बघितलेले पुरुष एकमेकांकडे बघू लागले. बेहजोदने फोन लावला. पडद्यावर लोबार दिसली, डोक्याला टॉवेल.

"काय हो? तोंड असं का झालंय? कोण गेलं?"

"तू," बेहजोद म्हणाला, आणि आता मात्र लहान मुलासारखा रडायला लागला.

ताश्कंदची पोरगी तोंडाने तिखट, पण त्या दिवशी तिने डोक्यावरच्या टॉवेलने आधी डोळे पुसले. मग म्हणाली, "आईला द्या फोन." आणि आईला एवढंच म्हणाली, "मला हाच चालेल."

इकडे मास्तुरा ओपाचं दुःख आटलं होतं आणि त्या जागी दुसरंच काही उकळत होतं. "जित्या पोरीचं सुतक घालून माझ्या दारात! फोटोसाठी! असली विहीण नको मला!"

"आईजान," बेहजोद जमिनीवरूनच म्हणाला, "मी लोबारशीच लग्न करणार." आयुष्यात पहिल्यांदा त्याने आईला उलट उत्तर दिलं, आणि तेही चाळीस साक्षीदारांसमोर.

मग गल्लीतली ओतिन पुढे झाली. बायकांना कुराण शिकवणारी, लग्नाला आणि मयताला सारखीच हजर. तिने डोळे मिटून विचार केला आणि निवाडा दिला. जिवंत माणसासाठी निळं नेसणं अशुभ. तेव्हा एक मेंढी कापायची, पुलाव करायचा, आणि ज्यांनी ज्यांनी अश्रू गाळले त्यांना जेवायला घालायचं. निळे कपडे परत घरी न्यायचे नाहीत, इथेच गरिबांना देऊन टाकायचे.

"आणि ते पलंगाचं वगैरे," मास्तुरा ओपा घाईने म्हणाली, "ते मी दुःखात बोलले."

"दुःखात बोललेलं अल्ला सगळ्यांत आधी ऐकतो," ओतिन म्हणाली.

"फ्रीजचं मी काही बोलले नव्हते!"

ओतिनने जमलेल्या बायकांकडे बघितलं. बायकांनी आठवून बघितलं आणि माना हलवल्या. नव्हती बोलली.

शेवटचा हिशोब असा लागला. पलंग, कपाट, सोफा आणि टेबल मास्तुरा ओपाच्या खात्यातून गेलं. तांदूळ, गाजरं आणि तेलही तिचंच. बेहजोदने आपली अब्रू दिली, आणि पुढची कित्येक वर्षं दाढ उपटून घ्यायला आलेला प्रत्येक शेजारी भूल चढायच्या आत त्याला विचारायचा, "डॉक्टर, रडणार नाही ना?" सानोबारसोबतच्या पाच बायकांनी स्टेशनजवळच्या दुकानातून आपापल्या पैशाने नवे कपडे घेतले, जिला जो रंग स्वस्त मिळाला तो. मेंढी सानोबारने दिली, बत्तीस लाख सोम, उसने काढून. आणि फ्रीजही तिनेच दिला, दोन दारांचा.