मागच्या भिंतीलगतची भेग

आमच्या सुनेला एक गोष्ट धड सरळ सांगता येत नाही. भाजी कशी झाली विचारलं तर म्हणते, "मीठ जरा जास्त असण्याची शक्यता आहे, आई." अगं, जीभ तुझी, घास तुझ्या तोंडात, मग शक्यता कसली?

भाताच्या खाचरातलं पाणी सोडलं की खालची चिकणमाती कशी सुकेल, कुठे फाटेल, हे ती कॉम्प्युटरवर आधीच मांडते. मॉडेल म्हणतात त्याला. ते पडताळायला तिने माझी चांगली परात चिखलाने भरून खिडकीत ठेवली आणि मधोमध विटेचा तुकडा खोचला. येता-जाता माझी नजर जायचीच. चिखलाने आधी विटेचीच कड सोडली. मग वीट हळूच कलली. मी जरा थांबून बघितलं, पण परातीचा राग मोठा होता.

आमच्या घरामागे खाचरच आहे. त्याला लागून लेकाने नवी खोली काढली, तिथे आमचे हे असतात. अर्धं अंग गेलंय, कूस बदलायलाही मी लागते. कापणीसाठी खाचरातलं पाणी काढून दिलं, वर कडक ऊन. एका सकाळी सून चहा ढवळत म्हणाली, "आई, मोठी भेग मागच्या भिंतीलगत पडण्याची शक्यता आहे. बाबांना पुढच्या खोलीत आणलं तर बहुधा बरं."

"तुझं मॉडेल मिठाचंही सांगतं का गं?" लेक हसला. मीही हसले. तो कामावर गेला.

दुपारी ह्यांना पाणी पाजून बाहेर आले, तर दार चौकटीत घासलं. ओढून कसंबसं लावलं. लाकूड फुगलं असेल म्हटलं. मग पाय तिथेच थबकले. पावसात फुगतं लाकूड, या उन्हात कसं फुगेल?

घरामागे गेले. भिंतीलगत भेग होती, सुरीने कापल्यासारखी सरळ. खाली बसून हात आत घातला. कोपरापर्यंत गेला, बांगड्या खरवडल्या. आत गार होतं. बोटांना पायाचा दगड लागला. दगडाखाली माती चाचपली, तर काहीच लागेना. नुसती पोकळी.

हात ओढून काढला. आतून ह्यांचा बोबडा आवाज आला, "अगं... माती पडतेय."

"सूनबाई!" मी अशी कधी ओरडले नव्हते. दार घट्ट बसलेलं. दोघींनी खांदे लावले तेव्हा उघडलं. ह्यांच्या उशीवर चुना सांडलेला, खिडकीच्या कोपऱ्यातून जमिनीपर्यंत काळी रेघ उतरलेली. आम्ही ह्यांना चादरीसकट खाली घेतलं आणि फरफटत ओढलं. उंबरा ओलांडला आणि मागच्या भिंतीतून वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. बघायला मी मान वळवली नाही. ह्यांचा हात तेवढा घट्ट धरून बसले.

सून पुढच्या खोलीच्या भिंतीला टेकून बसली. "मी म्हटलं होतं, आई, की शक्यता..."

"म्हटलंस, पण कुजबुजलीस! तुझी विद्या खरी आहे गं, तोंड तेवढं भित्रं आहे. जिथे माणूस झोपतो तिथे शक्यता बोलायची नाही. पुढच्या वेळी माझ्या हातातला चहा उडव, लेकाची कॉलर धर, आणि ओरड, उठा म्हणून!"