अध्यक्षांच्या शुभहस्ते सोयाबीन

धनजच्या फाट्यावरल्या त्या आवारात पाय ठेवल्याबरोबर डॉक्टर रत्नमाला इंगोले यांच्या नाकात फिनाईल शिरलं. जिथे शेकड्यांनी बोकड कोंडलेत तिथे बोकडांचा वास यावा, लेंड्यांचा यावा. इथे दवाखान्याच्या संडासात उभं राहिल्यासारखं वाटत होतं. जमिनीवर शोधूनही लेंडी सापडत नव्हती. पोटात काही गेलंच नाही तर बाहेर पडणार काय?

रत्नमालाताई तालुक्याच्या पशुधन विकास अधिकारी. आवार होतं जिवंत जनावरं परदेशात पाठवणाऱ्या एका कंपनीचं. वऱ्हाडातले बोकड इथे गोळा व्हायचे, ट्रकनं बंदरावर जायचे आणि जहाजात चढून आखातात. ट्रक भरायच्या आदल्या दिवशी चारापाणी बंद, ही इथली रीत. भरल्या पोटाचा बोकड गाडी घाण करतो, आणि गाडीत तीन मजले. वरच्यांचं सगळं खालच्यांच्या डोक्यावर. गाडी धुण्यापेक्षा जनावर उपाशी ठेवणं सोपं. वाटेत मरेल त्याला घाटात ढकलून द्यायचं, त्याची कुठे नोंद नाही. ताईंनी याची तक्रार थेट दिल्लीला केली, आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना संसदेची एक समिती खरोखरच पाहणीला निघाली. आपण कळवलं ते खरं आहे, हे समितीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, एवढंच ताईंना हवं होतं.

आणि आवाराचे मॅनेजर जानराव यांनी समितीसाठीसुद्धा नेमकं तेच केलं होतं. जागा चकचकीत दिसावी म्हणून कालपासून जनावरांचं चारापाणी बंद.

"थेंबभर पानी नाई देल्लं, बाई," सैफुद्दीनभाई ताईंच्या कानाशी म्हणाले. ते कारंज्याचे जुने बोकडांचे व्यापारी. यातले कितीतरी बोकड त्यांनीच इथे विकलेले. "आमी त छुरी फिरवाच्या आंधी बी पानी पाजतो. हे कायचे लोक व्हय? आज तुमी बोला. आमचं कोनी आयकत नाई."

समिती आली. आधी फेटे झाले, मग हार, मग शाल-श्रीफळ, मग चहा. बोकडांची पाळी त्यानंतर. अध्यक्ष आपल्याच राज्यातले, पण किनाऱ्याकडचे. सोयाबीन त्यांनी तेलाच्या पिशवीवरच्या चित्रातच पाहिलेलं. नाकाला रुमाल लावायची तयारी ठेवून ते आत शिरले आणि रुमाल तसाच खिशात ठेवून म्हणाले, "वा, माणसांच्या दवाखान्यात इतकी स्वच्छता दिसत नाही." सगळे हसले. जानराव तर लग्नातल्या व्याह्यासारखे फुलले होते. बोकड मात्र ओरडतही नव्हते. कोरडी जीभ काढून गजांना चाटत होते.

"तक्रार तुमचीच ना, डॉक्टर?" अध्यक्षांनी विचारलं. "बोला, काय कमी आहे इथे?"

ताईंचे वरिष्ठ मागून डोळे वटारत होते. ताईंनी तिकडे पाहिलंच नाही. "साहेब, ही जनावरं कालपासून उपाशी आहेत. पाणीसुद्धा दिलेलं नाही. जागा स्वच्छ दिसते ती त्यामुळे."

अध्यक्षांचा चेहरा उतरला, आणि ताईंना वाटलं, झालं, जिंकलो. "अरेरे," अध्यक्ष म्हणाले, "मग आत्ताच्या आत्ता काहीतरी खायला द्या त्यांना."

जानराव कच्च्या गुरूचे चेले नव्हते. आपल्याकडे मुतारीचं उद्घाटनसुद्धा कोणाच्या तरी शुभहस्ते होतं, तिथे एवढी आयती संधी कोण सोडणार? त्यांनी माइक ओढला. "आता मा. अध्यक्ष मोहोदयांच्या शुभहस्ते या मुक्या जीवांले दाना टाकन्याचा कार्यक्रम हाय." शेजारच्या गोदामातून सोयाबीनची पोती आली. कोणीतरी नवं कोरं सूप आणलं, त्याला हळदीकुंकू लावलं. फोटोवाले पुढे सरसावले.

रिकाम्या पोटावर सोयाबीन म्हणजे जनावराला विष घालणं. पोट तट्ट फुगतं, श्वास कोंडतो. आधी थोडं पाणी, मग तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा सुका भुसा, दाणा नाहीच. "दाणा नको," त्या म्हणाल्या, "कुटार टाका." पण म्हणाल्या त्या एकदाच, तेही साध्या आवाजात, आणि माइक जानरावांच्या हातात होता.

तेवढ्यात अध्यक्षांनी सूप ताईंपुढे केलं. "पहिला मान तुमचा, डॉक्टर. या मुक्या जनावरांची कळकळ तुम्हालाच आहे." टाळ्या पडल्या. आपल्या अंगावरची शाल काढून अध्यक्षांनी ती ताईंच्या खांद्यावर घातली. आयुष्यभर शेणात हात घालणाऱ्या बाईला असा मान कधी मिळाला नव्हता. एका सुपानं काय होतंय, असं त्यांच्या मनात आलं. खरंच आलं, आणि त्यांनी सूप ओतलं. मागोमाग अध्यक्षांनी ओतलं, मग सदस्यांनी, मग ज्याला फोटो हवा होता त्या प्रत्येकानं. बोकड एकमेकांच्या पाठीवर चढून दाणा गिळत होते. "बघा, किती उत्साह आहे," एक सदस्य कौतुकानं म्हणाले. मग हौदात पाणी सोडलं, आणि पोटातला दाणा भिजायला लागला.

सैफुद्दीनभाई कुंपणाजवळ उभे होते. त्यांनी ताईंकडे पाहिलं नाही. तोंड फिरवून जमिनीवर थुंकले.

संध्याकाळपासून बोकड पडायला लागले. ताईंनी तेल पाजलं, पोटात नळी घातली, वारा काढला. सैफुद्दीनभाई जनावरं धरत होते. सकाळी आवारात मेलेल्या बोकडांची रांग लागलेली होती, ढोलासारखी ताणलेली पोटं आणि वर गेलेले पाय. फिनाईलचा वास कधीच हरला होता. ताईंनी पहिलं पोट फाडलं तेव्हा आंबलेला भपका बाहेर आला. आत फुगलेलं पिवळं सोयाबीन होतं, हिरवी काडी औषधालासुद्धा नव्हती. ताईंना किळस आली ती त्या पोटाची नव्हती. आपल्याच हाताची होती, आणि खांद्यावरून काढून गाडीत नीट घडी करून ठेवलेल्या त्या शालीची.

जानराव हात जोडत आले. "मॅडम, उष्मा लागून मेले म्हना. नाईतर तुमी सोताच त फसून राह्यल्या. पैलं सूप तुमचं व्हय, फोटो हायत."

ते खोटं बोलत नव्हते.

तेवढ्यात ताईंचा मोबाईल वाजला. समितीचे सचिव होते. मंडळी विश्रामगृहात नाश्त्याला बसलेली. अहवालात टाकायला तो सूप ओततानाचा फोटो हवा होता. तक्रारीची जागच्या जागी दखल घेतली, असा मजकूर त्याखाली जाणार होता. ताईंचे हात कोपरापर्यंत बरबटलेले, म्हणून फोन सैफुद्दीनभाईंनी त्यांच्या कानाला लावला.

"फोटोपेक्षा चांगलं दाखवते," ताई म्हणाल्या. "अध्यक्षांकडे द्या फोन. भाई, कॅमेरा चालू करा."

"मॅडम, नोकरी जाईन तुमची," जानराव कुजबुजले.

पडद्यावर अध्यक्ष आले, हातात पोह्यांचा चमचा. भाईंनी मोबाईल उघड्या पोटावर धरला. चमचा हवेतच थांबला. "हे काय दाखवताय? आम्ही खातोय इथे."

"उपाशी ठेवलेला बोकड आहे, साहेब. आपण दोघांनी मारलाय, असंच लिहून देणार आहे मी. पहिलं नाव माझं, दुसरं तुमचं," ताई म्हणाल्या. त्यांनी दुसऱ्या बोकडाच्या पोटाला सुरी लावली. "फोन ठेवू नका. अजून पुष्कळ आहेत, आणि पाहणीला तुम्ही आला होतात."