टॅबिथा क्रेलचा ठसा

मिस थॉर्नने दुधाचं चांदीचं भांडं खिडकीशी नेलं, उलटं केलं आणि डोळ्याला भिंग लावलं. क्लेमंट हारबॉटल खुर्चीची पाठ धरून उभा होता.

म्युझियममधून ती लडलो गावापर्यंत आली होती ती हे एक भांडं प्रदर्शनासाठी पाहायला. टॅबिथा क्रेल ही अडीचशे वर्षांपूर्वीची लंडनची कारागीर. नवरा गेल्यावर तिनं दुकान चालवलं, स्वतःच्या नावाचा ठसा नोंदवला. तिच्या हातची भांडी फार थोडी उरलेली. त्यातलं एक आपल्याकडे आहे, हे क्लेमंटनं संग्राहक मंडळात वर्षानुवर्षं मिरवलं होतं.

"शुद्ध चांदीचा सिंहाचा शिक्का पुसट दिसतोय," मिस थॉर्न म्हणाली. "पण तिचा ठसा... इथे नुसतं गुळगुळीत आहे हो. घासून गेलाय. फार पॉलिश होतं का याला?"

क्लेमंटचे कान लाल झाले.

"बायको करते. हजारदा सांगितलं, हलक्या हातानं कर म्हणून."

एनिड चहाचा ट्रे घेऊन दारात थबकली. अडतीस वर्षांच्या संसारात तिनं त्याच्या चांदीच्या भांड्यांच्या कपाटाची फक्त काच पुसली होती, तीही बाहेरून. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात तिनं आतला एक चमचा उचलला, तर क्लेमंटनं तो काढून घेतला आणि रुमालानं पुसला. म्हणाला, तुझ्या हाताला घाम येतो. दर रविवारी चर्चहून आल्यावर दार लावून, बाह्या सारून भांडी घासत बसायचा तो स्वतः.

"पुष्कळ घरांत होतं असं, मिसेस हारबॉटल," मिस थॉर्न समजुतीनं म्हणाली. "मायेपोटीच होतं."

एनिडनं ट्रे टेबलावर ठेवला. नवऱ्याकडे पाहिलं. तो गालिच्याकडे पाहत होता.

"माझा हात जरा जडच आहे," ती म्हणाली.

प्रदर्शनात भांडं घेता येणार नव्हतं. चहा न घेताच मिस थॉर्न निघाली. क्लेमंट तिला फाटकापर्यंत सोडून आला, आणि आता आपल्याशी काहीतरी बोलेल असं एनिडला वाटलं. पण त्यानं संग्राहक मंडळातल्या मित्राला फोन लावला.

"रूपर्ट? अरे, सत्यानाश झाला. एनिडनं घासून घासून ठसाच घालवला. हो ना, किती सांगायचं! बायकांना काय कळतं त्यातलं?"

एनिड ऐकत होती. लाज वाटून माणूस एकदा खोटं बोलतो, हे तिला समजत होतं. पण हे तो अगदी मोकळ्या गळ्यानं बोलत होता. फोनवर हसलासुद्धा.

तो आत आला तेव्हा ती टेबलाशी बसली होती आणि टॅबिथा क्रेलच्या भांड्यातून स्वतःच्या कपात दूध ओतत होती.

"एनिड! हे काय चाललंय?"

"चहा."

"ठेव ते! ते वापरायचं नसतं."

"मीच बिघडवलंय ना? रूपर्टलाही सांगितलंस." तिनं कप ढवळला. "मग आता माझ्याकडेच राहू दे."

तो समोरच्या खुर्चीवर बसला. एनिडनं त्याला चहा ओतून दिला, कोरा. भांडं तिच्या कोपराशी होतं.

दूध मागायला त्याची जीभ रेटेना. त्यानं कोराच चहा प्यायला सुरुवात केली.