लोकांना वर पोहोचवणारी

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला मी सार्थकराव म्हणतो. तोंडावर नाही, तोंडावर जावईबापू. पण हा माणूस तीन वाक्यांत एकदा तरी 'सार्थक' म्हटल्याशिवाय राहत नाही, त्याला मी तरी काय करू? चहा प्यायला तरी म्हणतो, सार्थक झालं. अरे, चहा आहे तो! पी आणि कप विसळून ठेव.

या गृहस्थाने आजवर तीन नोकऱ्या सोडल्या. प्रत्येक वेळी त्याला म्हणे आतून आवाज आला. माझ्या बहिणीला आतून आवाज यायला सवड नाही. ती एक्स-रे सेंटरच्या काउंटरवर दिवसभर लोकांचेच आवाज ऐकते आणि घर चालवते. इकडे सार्थकराव बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतो आणि लोकांना शिकवतो, की काम कसं निवडावं आणि वेळ कसा घालवावा. आता वेळ घालवण्याचा त्याचा अनुभव दांडगा आहे, ते मी नाकारत नाही.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. त्या रविवारी बहिणीने मला पंखा बघायला बोलावलं होतं. पंखा नेमका बाहेरच्या खोलीतला आणि तिथे नेमका वर्ग भरलेला. "तुम्ही चालू द्या, जावईबापू, मी आवाज करत नाही," म्हणत मी कोपऱ्यातल्या स्टुलावर चढलो. वरून सगळे नीट दिसत होते. दातांची एक डॉक्टर होती, तिला मातीची भांडी करायची होती. बँकेतला एक जण होता, त्याला काहीच करायचं नव्हतं, पण ते सार्थकपणे करायचं होतं.

"आज मी माझ्याच घरातलं उदाहरण देणार आहे," सार्थकराव म्हणाला आणि त्याने माझ्या भाचीला पुढे बोलावलं. तिची बारावी नुकतीच झाली होती. बापाने तिला समुपदेशनाच्या कोर्सला घालायचं कधीच ठरवून टाकलं होतं. सोमवारी प्रवेश घ्यायचा आणि पुढे याचीच गादी चालवायची. पोरीला कोणी विचारलं नव्हतं. आज विचारणार होते ते आठ परक्या माणसांसमोर, म्हणजे तिने उत्तर बरोबरच द्यायला हवं होतं.

"सांग बाळ, तुला आयुष्यात काय करायचंय? घाबरू नकोस. मनातलं बोल."

भाची म्हणाली, "बाबा, मला लोकांना वर पोहोचवायचंय."

दातांच्या डॉक्टरने खुर्ची थोडी मागे घेतली. बँकवाला खोकायला लागला. मला तर स्टुलावर तोल सांभाळणं मुश्किल झालं.

पण सार्थकराव कसला डगमगतो! त्याचे डोळे भरून आले. "ऐकलंत? वर! लोकांना वरच्या पातळीवर न्यायचं! माझ्या मुलीला उन्नतीची ओढ आहे!"

"नाही हो बाबा," भाची म्हणाली, "लिफ्टने."

मग जो हशा पिकला, त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता हे कबूल करतो. इतक्या वर्षांत मला एवढा आनंद झाला नव्हता. आठवीपासून ही पोर सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर गच्चीवरच्या मशीनरूममध्ये येते, बॅटरी धरते, ब्रेक कुठे घासतोय ते कान लावून ऐकते. मी समजत होतो, मामाचे लाड चाललेत.

"माझ्या मनात हेच आहे," ती पुढे म्हणाली. "मामाच्या हाताखालचा माणूस गेल्या महिन्यात सोडून गेला. त्याच्या जागी मला जायचंय. कोर्सला नाही."

सार्थकरावाची पंचाईत झाली. नाही म्हणावं, तर समोरची आठ माणसं उठून वहाणा घालतील. हो म्हणावं, तर गादी गेली. पण हा माणूस दिसतो तेवढा भोळा नाही. त्याने मान वर केली, माझ्याकडे बघून गोड हसला आणि म्हणाला, "माझी मुळीच ना नाही. मामा नेत असेल तर खुशाल जा."

आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

माझं हसू जागच्या जागी विरलं. "अगं, हे काय काम आहे का?" मी म्हणालो. "तेलात हात घालायचे, खड्ड्यात उतरायचं, भलत्या वेळी लोक फोन करून शिव्या देतात. मुलीच्या जातीला... लोक काय म्हणतील? चांगली शिक, मोठी हो."

बोलता बोलता मला ऐकू आलं, की हे सगळं सार्थकराव बोलला असता तरी फरक पडला नसता. उलट त्याने 'सार्थक' तरी घातलं असतं.

"मग तू का करतोस?" भाचीने विचारलं.

"पोटासाठी," मी म्हणालो. "दुसरं काय?"

तिचं तोंड असं झालं, की मला स्टुलावरून उतरवेना. पोरगी रडेल असं वाटलं. रडली नाही, भडकली.

"बाबा न आवडलेलं आवडतं म्हणून सांगतात आणि तू आवडतं ते आवडत नाही म्हणून सांगतोस! मला दोघांपैकी कोणासारखंच व्हायचं नाही. तू नाही नेलंस तर दुसऱ्या कोणाकडे जाईन."

आतल्या दारात माझी बहीण उभी होती, हातात ओला कप. "दादा," ती म्हणाली, "एवढ्या लोकांत खोटं बोलायला तुला लाज नाही वाटली?"

वाटली. चांगलीच वाटली. मी पंखा तसाच अर्धा सोडून खाली उतरलो.

"उद्या सकाळी तयार राहा," मी भाचीला म्हणालो. मला गोड बोलता येत नाही आणि तेव्हा तर मुळीच येईना. "केस घट्ट बांधायचे. सैल कपडे नकोत, हातात काही घालायचं नाही. मशीन मामा-भाची बघत नाही. आणि चुकलीस तर ओरडणार, रडायचं नाही."

"मी कधी रडले?" ती म्हणाली आणि मग खरंच डोळे पुसायला लागली.

तेवढ्यात सार्थकरावाने घसा साफ केला. "बघितलंत?" तो वर्गाला म्हणाला. "याला म्हणतात मार्गदर्शन! बापाने फक्त एक प्रश्न विचारला आणि मुलीला तिची वाट सापडली."

बँकवाल्याने टाळी वाजवली. मग डॉक्टरने, मग सगळ्यांनीच. सार्थकराव छातीवर हात ठेवून वाकला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण मनात म्हटलं, घे बाबा, टाळ्या तू घे. पोरगी मी नेली.